तेरा वर्षांच्या मुलीचा डीएनए अहवाल आणि दोनशे मीटर

माणदेशी_मास्तर (धागाकर्ता)
९ जून, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यातल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. पहाटे साडेपाचला गावाबाहेरच्या मातीच्या ट्रॅकवर तीस-पस्तीस पोरं असतात. निम्मी पोलीस भरतीची, सोळाशेचं टायमिंग सुधारायला येणारी. उरलेली शाळेची.

त्यातली एक आठवीतली मुलगी दोन वर्षं माझ्याकडे दोनशे मीटर पळते. गेल्या ऑक्टोबरात तिने २९.६ दिली होती, हातातल्या स्टॉपवॉचवर, मातीवर, साध्या बुटांत. मला फार आशा वाटली होती. डिसेंबरनंतर मात्र गाडी अडली. जानेवारीत २९.९, मार्चमध्ये ३०.२. शेवटच्या साठ मीटरला पाय उचलेनात. मी तिची स्टार्ट बदलून बघितली, वजनाचा सराव कमी केला, आठवडाभर विश्रांती दिली. फरक नाही.

तिचे वडील पुण्यात नोकरीला आहेत. त्यांनी काळजीपोटीच नेटवरून डीएनए चाचणीचा संच मागवला, नळीत थुंकी घेतली, पाठवली. मागच्या आठवड्यात अहवाल आला. वीसेक पानं, रंगीत पट्ट्या. त्यात लिहिलंय : एसीटीएन३ जनुक, प्रकार एक्सएक्स. ताकद आणि वेग : प्रतिकूल. लांब पल्ला : अनुकूल. वडील म्हणाले, "सर, तिला तीन हजार, पाच हजाराला टाका. नाहीतर थांबवू या, पुढं दहावी आहे."

मुलगी आठ दिवस ट्रॅकवर आलेली नाही. शाळेत व्हरांड्यात भेटली तेव्हा मला म्हणाली, "सर, माझ्या अंगात ते नाहीच ना?"

मी काय उत्तर देणार? ललिता बाबर आमच्याच तालुक्यातली, मोहीची. ती शाळेत खो-खो खेळायची, पुढे मॅरेथॉन पळाली, आणि पंचविशीत स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीकडे वळली. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ९:१९.७६ असा राष्ट्रीय विक्रम करून तिने अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. तेराव्या वर्षी तिच्याबद्दल कुणी काय सांगू शकलं असतं? पण नुसत्या उदाहरणाने बापाचं समाधान होत नाही, त्यांच्या हातात छापील कागद आहे. या कागदाचं वजन किती धरायचं, हे जाणकारांनी मला समजेल अशा भाषेत सांगावं, ही विनंती.

---

पेशीपुराण
९ जून, रात्री ११:४८

मास्तर, मी जनुकशास्त्रातच काम करते. अहवालात लिहिलेलं खोटं नाही. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. दोन्ही नीट वेगळं करून सांगते.

आपल्या स्नायूंमध्ये ढोबळमानाने दोन तऱ्हेचे तंतू असतात. संथ तंतू तासन् तास काम करतात. शीघ्र तंतू झटका देतात आणि लवकर दमतात. अल्फा-अ‍ॅक्टिनिन-३ नावाचं प्रथिन फक्त शीघ्र तंतूंमध्ये असतं आणि तिथली वीण घट्ट धरून ठेवतं. ते बनवणारं जनुक म्हणजे एसीटीएन३. या जनुकात ५७७व्या जागी काही लोकांत एका अक्षराचा बदल असतो, त्यामुळे प्रथिन बनता बनता मध्येच थांबतं. चालू प्रतीला आर म्हणतात, थांबलेलीला एक्स. आईकडून एक प्रत येते, वडिलांकडून एक. दोन्ही एक्स आल्या की हे प्रथिन अंगात अजिबात नसतं.

हा आजार नाही. १९९९ मध्ये सिडनीच्या कॅथरिन नॉर्थ यांच्या गटाने हे उघड केलं तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं ते याचंच : प्रथिन पूर्ण गायब, आणि माणूस ठणठणीत. जगात सुमारे दीड अब्ज लोक असे आहेत. युरोपीय लोकांत शंभरात अठरा, आशियात साधारण पंचवीस. तुमच्या ट्रॅकवरच्या पस्तीस पोरांत सात-आठ जण असेच निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि त्यात तुमचा एखादा चांगला पळणाराही असेल.

त्याच गटाने २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातले अव्वल खेळाडू तपासले. सर्वसामान्यांत एक्सएक्स १८ टक्के होते, वेगाच्या आणि ताकदीच्या खेळाडूंत ६ टक्के, लांब पल्ल्याच्या खेळाडूंत २४ टक्के. वेगाच्या गटातले जे ऑलिंपिकपर्यंत गेले होते त्यांच्यात एकही एक्सएक्स नव्हता. इथूनच "स्पीड जीन" हे नाव वर्तमानपत्रांत पसरलं आणि पुढे चाचण्यांच्या जाहिरातींत शिरलं.

वेगाच्या खेळाशी या जनुकाचा संबंध आहे. इतक्या अभ्यासांनंतर टिकून राहिलेल्या मोजक्या संबंधांपैकी तो एक आहे. पण माणसामाणसांत वेगाचा जो फरक दिसतो त्यातला दोन-तीन टक्के वाटाच त्याच्या पदरी जातो. बाकीचं सगळं दुसरीकडे आहे.

आणि अपवादही आहेत. स्पेनमधल्या एका लांब उडी मारणाऱ्या खेळाडूची नोंद २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन ऑलिंपिक खेळलेला, वैयक्तिक सर्वोत्तम उडी ८.२६ मीटर, आणि जनुक एक्सएक्स. लांब उडी म्हणजे नखशिखांत झटक्याचा खेळ. त्याला तेराव्या वर्षी हा अहवाल मिळाला असता तर?

---

आकडेमोड
१० जून, सकाळी ७:२०

पेशीपुराण ताईंचे आकडे घेऊन मी एक हिशेब मांडतो. वडिलांना वहीवर करून दाखवता येईल.

समजा एक लाख मुली आहेत आणि त्यातल्या शंभर जणी मोठ्या होऊन राज्य पातळीच्या वेगवान धावपटू होणार आहेत. म्हणजे हजारात एक. (हा आकडा मी हिशेबापुरता धरला आहे.) ऑस्ट्रेलियातली टक्केवारी जशीच्या तशी लावू.

एक लाखातल्या १८,००० मुली एक्सएक्स. शंभर धावपटूंतल्या ६ एक्सएक्स. म्हणजे एक्सएक्स मुलीला संधी ३,००० मध्ये एक.
उरलेल्या ८२,००० मुलींतून ९४ धावपटू. म्हणजे त्यांना संधी ८७२ मध्ये एक.

चाचणी करण्याआधी कुठल्याही मुलीला संधी हजारात एक होती. "अनुकूल" अहवाल आला तर ८७२ मध्ये एक. पैसे भरून एवढंच कळलं. "प्रतिकूल" आला तर ३,००० मध्ये एक. दोन्ही बाजूंना उत्तर जवळपास सारखंच : बहुधा नाही, पण कुणी सांगावं.

आता मास्तरांच्या हातातली माहिती बघा. बारा-तेराव्या वर्षी मातीवर साध्या बुटांत २९.६ देणाऱ्या मुली एक लाखात किती असतील? फार थोड्या. स्टॉपवॉचने तिला आधीच त्या गर्दीतून बाहेर काढलं आहे. आणि त्या २९.६ मध्ये तिची सगळी जनुकं धावली होती, एसीटीएन३ सुद्धा. त्या जनुकामुळे जे काही नुकसान व्हायचं ते त्या वेळेत धरलेलंच आहे. ते पुन्हा वेगळं वजा करणं म्हणजे एकाच उधारीचे पैसे दोनदा फेडणं.

---

सकाळची_पाळी
१० जून, सकाळी ९:०२

आकडेमोड +१. माझी मुलगी उंच उडी मारते. मास्तर, त्या पोरीला आधी घरी जाऊन भेटा. अहवालाचं नंतर बघू. आठ दिवस ती मनात काय घेऊन फिरत असेल.

---

नव्या_पिढीचा_बाप
१० जून, दुपारी १:१५

मी त्या वडिलांच्या बाजूने बोलतो. माझ्या मुलाचीही अशीच चाचणी केली आहे.

सगळे आनुवंशिकतेला कमी का लेखता? ब्रिटनमधल्या जुळ्या बहिणींच्या २००७ च्या अभ्यासात स्पर्धात्मक खेळापर्यंत पोचण्यातली आनुवंशिकता सुमारे ६६ टक्के निघाली. १९९८ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेला, सहनशक्तीशी जोडल्या गेलेल्या एसीई जनुकाचा अभ्यास घ्या. ७,००० मीटरवर प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय चढलेले २५ ब्रिटिश गिर्यारोहक तपासले. त्यातले जे १५ जण ८,००० मीटरच्या वर गेले होते त्यांच्यात या जनुकाच्या डीडी (दोन्ही प्रती डी) प्रकाराचा एकही नव्हता. आणि आकडेमोड, तुमच्याच हिशेबात ८७२ आणि ३,००० मध्ये साडेतीनपट फरक आहे, तो तुम्ही हलक्यात काढलात. आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरात खेळावर खर्च होणारी वर्षं परत येत नाहीत. थोडी जरी दिशा मिळाली तरी आम्हाला हवी आहे. आज एक जनुक आहे, उद्या हजार एकत्र बघतील.

---

पेशीपुराण
१० जून, रात्री १०:३०

तुमची तळमळ मला समजते, आणि तुम्ही दिलेले संदर्भ खरे आहेत. एकेक घेते.

६६ टक्के आनुवंशिकता याचा अर्थ एखाद्या मुलीच्या वेगातला ६६ टक्के भाग जनुकांचा, असा होत नाही. त्या लोकसमूहात, त्या परिस्थितीत, माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला एवढा वाटा जनुकीय फरकांशी जोडता येतो, एवढाच त्याचा अर्थ. परिस्थिती बदला, आकडा बदलतो. जिथे सगळ्यांना पोटभर जेवण आणि मैदान आहे तिथे उरलेला फरक साहजिकच जनुकांचा जास्त दिसतो. माणमध्ये तसं गृहीत धरता येत नाही.

एसीईचा तो अभ्यास गाजला खरा. पण २५ माणसं म्हणजे किती कमी! दोनच वर्षांनी लांब पल्ल्याच्या दोनशेच्या आसपास अव्वल खेळाडूंत शोधलं तेव्हा तो संबंध दिसला नाही. २०१६ मध्ये निरनिराळ्या देशांतले १,५२० जागतिक दर्जाचे सहनशक्तीचे खेळाडू आणि २,७६० सर्वसामान्य माणसं यांचा संपूर्ण जनुकसंच चाळून बघितला. सगळ्या खेळाडूंत समान असा एकही खास जनुकीय फरक हाती लागला नाही.

"उद्या हजार एकत्र बघतील" हा तुमचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उंचीच्या बाबतीत ते झालं आहे. २०२२ मध्ये ५४ लाख माणसांच्या माहितीतून उंचीशी निगडित १२,१११ जागा सापडल्या. एवढं सगळं जमवूनसुद्धा युरोपीय वंशाच्या लोकांत उंचीतला सुमारे ४० टक्के फरक सांगता येतो, आणि इतर लोकांत त्याहून बराच कमी, कारण माहितीतले बहुतेक लोक युरोपीयच आहेत. उंची तर फुटपट्टीने मोजता येते. ऑलिंपिक दर्जाचे ५४ लाख धावपटू आणायचे कुठून? अव्वल म्हणजेच विरळ. इथे अडचण गणकयंत्राच्या ताकदीची नाही, माणसांच्या संख्येची आहे.

साडेतीनपट मी हलक्यात घेत नाही. चारशे मुली रांगेत उभ्या आहेत आणि कुणाबद्दल काहीच माहीत नाही, तेव्हा त्या आकड्याला थोडा अर्थ आहे. इथे मात्र हिला दोन वर्षं रोज पळताना बघितलेला माणूस समोर आहे.

आणखी एक. २०१५ मध्ये या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून निवेदन काढलं. तेव्हाच अशा चाचण्या विकणाऱ्या ३९ कंपन्या त्यांना सापडल्या होत्या. त्यांचं म्हणणं निःसंदिग्ध होतं : कुठल्याही लहान मुलाची गुणवत्ता ओळखण्यासाठी किंवा सराव बदलण्यासाठी या चाचण्या वापरू नयेत.

---

उत्तरेकडे
११ जून, पहाटे २:४०

मी फिनलंडमध्ये राहतो. एका जनुकाने खरोखर मोठा फरक केल्याचं उदाहरण इथलंच आहे, म्हणून लिहितो. चर्चेची दुसरी बाजूही पुरती यावी.

एरो मॅन्तिरान्ता. उत्तर फिनलंडच्या पेल्लो भागातला, जन्म १९३७. बर्फावर स्कीने लांब अंतर कापणारा खेळाडू. तीन ऑलिंपिकमध्ये मिळून सात पदकं, त्यातली तीन सुवर्ण. १९६४ मध्ये इन्सब्रुकला १५ किलोमीटरची शर्यत त्याने चाळीस सेकंदांनी जिंकली. या खेळात एवढं अंतर म्हणजे दुसरा माणूस नजरेतही नाही.

त्याचा चेहरा कायम लालसर असायचा आणि रक्तात हिमोग्लोबिन प्रचंड. लिटरमागे २०० ग्रॅमच्या वर, म्हणजे आपल्या लॅबच्या कागदावर २० च्या पुढे. रक्त वाढवून घेतो असा संशय वर्षानुवर्षं त्याच्यावर होता. १९९३ मध्ये अल्बर्ट द ला शापेल यांच्या गटाने त्याच्या कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शरीरात प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि अस्थिमज्जेतल्या पेशींना "लाल पेशी बनवा" म्हणून सांगतं. हा निरोप घेणारा ग्राहक रेणू पेशीवर असतो, आणि त्याच्या शेपटाकडे निरोप थांबवण्याची कळ असते. या कुटुंबात एका अक्षराच्या बदलाने ग्राहकाचं ७० अमिनो आम्लांचं शेपूटच तुटलं होतं. थांबवायची कळ गेली, लाल पेशी बनत राहिल्या. इतर लोक पुढे ज्याची सुई टोचून घेऊ लागले, ते या माणसाच्या अंगात जन्मापासून होतं.

पण कुटुंबातल्या तपासलेल्या ९७ जणांपैकी २९ जणांत हा बदल होता. एकोणतीस मॅन्तिरान्ता झाले नाहीत. आणि हा बदल इतका दुर्मीळ आहे की इतर विजेत्यांत तो शोधून काही मिळत नाही. एवढ्या ठळक जनुकाची ही गत, तर आपण दोन-तीन टक्केवाल्याबद्दल बोलतोय.

इथल्या थंडीत राहून एक अवांतर : २०२१ च्या एका अभ्यासात पुरुषांना १४ अंशांच्या पाण्यात बसवलं, तेव्हा एसीटीएन३ एक्सएक्स असलेल्यांनी शरीराची ऊब जास्त वेळ टिकवली. म्हणजे ज्याला अहवालात "प्रतिकूल" म्हटलंय, त्याने माणसाच्या पूर्वजांना थंड प्रदेशांत साथ दिली असावी.

---

रिफ्ट_व्हॅली
११ जून, सकाळी ११:१०

नोकरीनिमित्त मी काही वर्षं केनियात होतो, एल्डोरेटजवळ. इटेनला पहाटे रस्त्यावर उभं राहा, शेकडो जण तांबड्या मातीतून पळत जाताना दिसतात. उंची सुमारे २,४०० मीटर. बहुतेक जण कालेनजिन समाजाचे.

वर अहवालात लिहिलंय की एक्सएक्स म्हणजे लांब पल्ल्याला अनुकूल. मग ऐका. केनियाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंचं एसीटीएन३ तपासलं गेलं आहे. तिथे एक्सएक्स जेमतेम एक टक्का, सर्वसामान्यांत आणि धावपटूंत सारखंच. जगातले सर्वोत्तम लांब पल्ल्याचे धावपटू आणि "लांब पल्ल्याचा" प्रकार त्यांच्यात जवळपास नाहीच! जमैकाच्या वेगवान धावपटूंतही तपासलं. तिथेही एक्सएक्स दोनेक टक्केच, आणि रस्त्यावरच्या सामान्य जमैकनांत तेवढेच. म्हणजे या जनुकापुरतं बोलायचं तर जमैका आणि केनिया जवळजवळ सारखे. एक देश शंभर मीटर जिंकतो, दुसरा मॅरेथॉन.

जमैकात १९१० पासून शाळांची मोठी स्पर्धा भरते, तिला लोक "चॅम्प्स" म्हणतात, आणि सगळा देश ती बघतो. केनियात उंची आहे, लहानपणापासूनचं चालणं-पळणं आहे, शेजारच्या घरात विजेता आहे. शरीराची ठेवणही आहे. कोपनहेगनच्या बेंग्ट साल्टिन यांच्या गटाने तिथल्या मुलांच्या बारीक, हलक्या पोटऱ्या मोजल्या होत्या. पायाच्या टोकाकडचं वजन कमी, म्हणून तो उचलायला शक्ती कमी लागते. ही ठेवण बरीचशी आनुवंशिक असणार, मी नाकारत नाही. पण ती डोळ्यांना दिसते, टेपने मोजता येते.

---

काळी_नदी
११ जून, रात्री ९:५५

कारवारकडची आहे मी. हा विषय निघाला की मला आमच्याकडचे सिद्दी आठवतात, कारण जनुकांच्या नावाने स्वप्न दाखवायचा प्रयोग सरकारी पातळीवर इथे होऊन गेला आहे.

पोर्तुगीज आणि अरब व्यापाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज. गोव्यातून निसटून अनेक जण यल्लापूर, हल्याळच्या जंगलात स्थिरावले. महाराष्ट्राला सिद्दी म्हटलं की जंजिरा आठवतो. १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने या समाजातली मुलं-मुली निवडून प्रशिक्षणाला नेली. विचार सरळ होता : मूळ आफ्रिकेचं, म्हणजे पळण्यात पदकं येणार. काही मुलं खरंच चमकली. आणि १९९३ मध्ये योजना बंद पडली. मुलं परत जंगलातल्या वस्त्यांवर.

पेशीपुराण ताई जास्त सांगतील, पण "आफ्रिकेचं रक्त" असं एक काही नसतंच ना? जगातली सर्वांत जास्त जनुकीय विविधता आफ्रिकेतच आहे. कालेनजिन वेगळे, ज्यांच्यातून जमैकाचे लोक आले ते पश्चिम आफ्रिकेतले वेगळे, सिद्दींचे पूर्वज बहुतेक बांटू भाषक. त्यावर कित्येक शतकं इथल्या मातीत, इथल्या लोकांशी सोयरिकी. योजना आखणाऱ्यांनी मुलांमध्ये खंड बघितला, मुलं बघितली नाहीत. मास्तरांच्या विद्यार्थिनीबद्दल वाचताना मला तेच वाटलं. कागद "नाही" म्हणतो म्हणून सोडायचं, किंवा कागद "हो" म्हणतो म्हणून उचलायचं, आणि पदक दिसेना की परत पाठवायचं.

---

पेशीपुराण
११ जून, रात्री ११:०५

काळी_नदी, अगदी बरोबर. यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

---

सातपुडा_दवाखाना
१२ जून, पहाटे ५:३०

रात्रपाळी संपवून लिहितोय, नंदुरबार जिल्ह्यातून. मास्तर, सगळे एसीटीएन३ वर बोलताहेत, पण तुमच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. "शेवटच्या साठ मीटरला पाय उचलेनात." तेरा वर्षांची मुलगी, वर्षभरात वेळ सुधारायच्या ऐवजी बिघडली, विश्रांतीने फरक नाही. तिचं हिमोग्लोबिन कधी तपासलंय का? पाळी सुरू झाली आहे का, किती रक्त जातं, कुणी विचारलंय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय निघाला आहे. या वयात अंग वाढतं, पाळी सुरू होते, वर रोजचा सराव. लोह कमी पडायला एवढं पुरे. फिनलंडच्या त्या खेळाडूच्या अंगात जे जास्त होतं, तेच आपल्या मुलींच्या अंगात कमी असतं. तिथून सुरुवात करा. सरकारी दवाखान्यात फुकट होतं.

दुसरं, जनुकीय चाचणी करायचीच असेल तर एक आहे जिचा पोरांना खरा उपयोग होतो : सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या करणारा रक्ताचा आनुवंशिक आजार. माझ्याकडच्या भिल्ल, पावरा मुलांत, तिकडे गडचिरोली-चंद्रपूरकडे गोंड, माडिया मुलांत हे जनुक बरंच आढळतं. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर आजार होतो. एकच असेल तर मूल वाहक असतं, त्याला एरवी काही त्रास नसतो आणि ते खेळूही शकतं. पण कडक ऊन, पाणी कमी, आणि एकदम जोरात दमछाक असं जुळून आलं तर वाहकाच्या स्नायूंना धोका होऊ शकतो. अमेरिकी लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा २०१६ मधला अभ्यास आहे. वाहकांत मृत्यू जास्त नव्हते, पण अति श्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका ५४ टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणून वाहक मुलाला खेळातून काढायचं नाही. सराव हळूहळू वाढवायचा, पाणी द्यायचं, आणि "पाय भरून आले, दुखतायत" असं पोरगं म्हणालं तर "पळ पळ" म्हणायचं नाही, सावलीत बसवायचं. भरतीच्या पोरांनाही हे लागू आहे. उन्हात एकदम सोळाशेच्या चार-चार फेऱ्या मारायला लावणारे मास्तर मी बघितले आहेत.

सिकलसेलची पहिली तपासणी बोटाच्या थेंबावर होते, नक्की करायला पुढची तपासणी लागते. २०२३ पासून राष्ट्रीय मोहीमही चालू आहे. इथे जनुक कळल्यावर मुलासाठी काही करता येतं.

---

माणदेशी_मास्तर
१२ जून, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, मला माझीच लाज वाटली. मी स्टार्ट बदलली, वजनं कमी केली, पण हे विचारलं नाही. पुरुष शिक्षक म्हणून पाळीचा विषय काढायचा कसा, या संकोचात राहिलो. आज आमच्या शाळेतल्या बाईंना सोबत घेऊन तिच्या घरी जाऊन आलो. आकडेमोड यांचा हिशेब वडिलांना फोनवर सांगितला. ते पूर्ण पटले असं नाही म्हणणार, पण रक्त तपासायला तयार झाले. उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेणार आहेत.

---

नव्या_पिढीचा_बाप
१३ जून, सकाळी ८:००

सिकलसेलचा मुद्दा मोलाचा आहे. माझं मत मी पूर्ण बदललेलं नाही. मला अजूनही वाटतं की माहिती असलेली बरी. पण माझ्या मुलाच्या अहवालात "वेग : अनुकूल" आलं होतं आणि त्यानंतर मी त्याला लांब पल्ला सोडायला लावलं, हे मी वर लिहिलं नव्हतं. त्याला तो आवडायचा. आज संध्याकाळी त्याच्याशी बोलणार आहे.

---

फौजी_काका
१३ जून, सकाळी १०:४०

अविनाश साबळेचं नाव अजून कसं आलं नाही! आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती, सियाचिनला ड्यूटी, आणि पळायला गंभीरपणे सुरुवात केली ती फौजेत गेल्यावर. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा ३७ वर्षं टिकलेला ३,००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगला ८:०९.९१. विशीपर्यंत त्याचं नाव देशात कुणाला माहीत नव्हतं. मास्तर, पोरीला अजून सात-आठ वर्षं आहेत.

---

माणदेशी_मास्तर
२८ सप्टेंबर, रात्री ८:३०

बरेच जण व्यक्तिगत निरोपातून विचारत होते, म्हणून धागा वर आणतोय.

जूनमध्ये तिचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं. सिकलसेल नाही. केंद्रातल्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, जेवणानंतर लगेच चहा बंद करायला सांगितला. आईने नाचणी, पालेभाज्या, लिंबू असं चालू केलं. पहिला महिना मी तिला फक्त हलकं पळवलं. ऑगस्टच्या शेवटी हिमोग्लोबिन ११.८ झालं.

मधल्या काळात एक दिवस ती स्वतःच म्हणाली, सर, मला तीन हजारही पळून बघायचंय. पळवलं. आठशेनंतर चालायला लागली आणि म्हणाली, हे नको. तेवढ्यावर तो प्रश्न मिटला.

गेल्या शनिवारी, त्याच मातीच्या ट्रॅकवर, दोनशे मीटर : २८.७. वारा मोजायचं साधन माझ्याकडे नाही, वेळ हाताचीच, पण दोन घड्याळांवर घेतली. शेवटचे साठ मीटर तिने पाय उचलून पळाले. पुढच्या महिन्यात जिल्हा शालेय स्पर्धा आहे.

आणि बाईंच्या मदतीने ट्रॅकवरच्या सगळ्या शाळकरी मुलींचं हिमोग्लोबिन तपासून घेतलं. चौदा मुली. नऊ जणींचं ११ च्या खाली.

---

सातपुडा_दवाखाना
२८ सप्टेंबर, रात्री १०:१०

चौदात नऊ. मास्तर, त्या नऊ जणींच्या गोळ्या तीन महिने पुऱ्या करून घ्या. बरं वाटलं की मुली मध्येच सोडतात. हिच्याही चालू ठेवा. शाळेत आठवड्याची लोहाची निळी गोळी येते ती मुली खरंच गिळतात का, तेही डोळ्यांदेखत बघा. आणि भरतीच्या मुलांचंही एकदा होऊन जाऊ द्या.

---

माणदेशी_मास्तर
२८ सप्टेंबर, रात्री १०:२५

सोमवारी केंद्रातल्या ताई ट्रॅकवरच येणार आहेत, सकाळी सहाला. भरतीच्या पोरांना सांगून ठेवलंय.